हांक ऐकूं यावी म्हणून

आमच्या घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें व नऊ फोन आहेत. गेल्या आषाढापर्यंत या नऊ फोनांपैकीं सहांची घंटा एकच होती. कारखान्यांतून जी भरून आली तीच. बैठकीच्या खोलींत एखादा फोन वाजला कीं चौघे जण खिसे चांचपीत, दोघी स्वयंपाकघरांतून हात पुसत बाहेर येत, आणि ज्याचा फोन असे तो मात्र माडीवर अभ्यास करीत बसलेला असे. या रोजच्या तारांबळीला कंटाळून एकेकानें आपला फोन मुका करून टाकला. घर शांत झालें आणि त्या शांततेचें आम्हां सर्वांना मोठें कौतुक वाटलें. तें कौतुक किती महाग पडलें, हें सांगण्यासाठीं या महिन्याचें सदर लिहीत आहें.

आमच्या आत्याबाई, म्हणजे मामंजींच्या धाकट्या भगिनी, दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, बाणा असा कीं, "माझें मला होतें आहे तोंवर मी कोणाकडे येऊन राहणार नाहीं." आषाढांतल्या एका रात्रीं सव्वादोनच्या सुमारास न्हाणीघराकडे जातांना पाय घसरून त्या पडल्या. सुदैवानें फोन हाताशीं होता. त्यांनीं आमच्या घरच्यांना तीन वेळां, मला दोन वेळां व भाऊजींना एकदां फोन केला. तिघांचेही फोन सायलेंटवर! तीन वाजतां अभ्यासाला जागा असलेला पुतण्या पाणी प्यायला खालीं आला. त्या वेळीं आत्याबाईंनीं पुन्हा एकदां फोन लावला होता. जेवणाच्या टेबलावर काकांच्या फोनचा प्रकाश लुकलुकतांना त्याला दिसला, म्हणून आम्हांला कळलें. खुब्याचें हाड मोडलें होतें. शस्त्रक्रिया झाली, आतां त्या वॉकर घेऊन घरांतल्या घरांत हिंडतात. त्यांनीं आम्हांला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. एवढेंच म्हणाल्या, "अगं सूनबाई, मला इकडे घंटा चांगली वाजतांना ऐकूं येत होती. वाटलें, पावसाच्या आवाजांत तुम्हांला ऐकूं जात नसेल. म्हणून मी आपली करीत राहिलें."

हें वाक्य माझ्या मनाला फार लागलें. त्यांत एक गोष्ट अशी आहे, कीं जी पुष्कळ घरांत ठाऊक नसते. फोन करणाऱ्याच्या कानांत जी घंटा वाजते ती आपल्या फोनची नव्हे. ती दूरध्वनीच्या यंत्रणेकडून त्याला ऐकविली जाते. आपला फोन मुका असो, उशीखालीं असो कीं दुसऱ्या खोलींत असो, पलीकडच्याला ती तशीच ऐकूं येते. २०२० सालीं करोनाच्या सांथींत कोणालाही फोन केला कीं आधीं खोकल्याचा आवाज व मग सावधगिरीची सूचना ऐकूं येई, हें वाचकांना आठवत असेलच. ती सूचनाही यंत्रणेचीच. तिला कॉलर ट्यून म्हणतात. आणि आपल्या फोनमधून आपणांस ऐकूं येते ती रिंगटोन. पहिली लोकांसाठीं, दुसरी आपल्यासाठीं. पलीकडून घंटा ऐकूं आली म्हणजे इकडे कोणी ऐकत आहे, असा अर्थ होत नाहीं. घरांतल्या वृद्धांना हें एकदां समजावून सांगणें हें आपलें पहिलें कर्तव्य होय.

दुसरें कर्तव्य आपल्या फोनच्या आवाजाकडे लक्ष देण्याचें. हा विषय कॉलेजांतल्या मुलांच्या हौसेचा आहे, असें मीही समजत असें. तसें तें नाहीं. मामंजी सांगतात कीं, वाड्यांत राहत असतां कोण आलें हें दार उघडण्यापूर्वींच कळे. कडी दोनदां हलकेच वाजली कीं शेजारच्या काकू. एकदांच जोरानें वाजली कीं पोस्टमन. आणि जिन्याखालीं कोणी खाकरलें कीं आजोबा आले हें ओळखून मुलें पत्ते लपवीत. घरांतल्या प्रत्येक माणसाची अशी एक हांक असे व ती कानालाच ओळखूं येई.

टेलिफोन आला आणि हें ज्ञान मागें पडलें. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ सालीं टेलिफोनचें पेटंट मिळालें, आणि १८८२ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें एक्स्चेंजें सुरू झालीं. त्या यंत्राची घंटा सर्वांना एकच. सोयरा असो वा सावकार, वार्ता आनंदाची असो वा दुःखाची. भारतांतील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे तेव्हांचे मुख्यमंत्री ज्योती बसू व केंद्रीय मंत्री सुखराम यांच्यांत झाला. पुढें नोकियाच्या फोनांबरोबर एक सूर घरोघरीं शिरला. फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ सालच्या एका रचनेंतून तो घेतलेला होता व १९९४ पासून नोकियाच्या फोनांत वाजूं लागला होता. एका कलावंतानें एका वाद्यासाठीं रचलेले चार स्वर जगाच्या खिशांत जाऊन बसले. आणि आगगाडीच्या डब्यांत ते वाजले कीं दहा हात दहा खिशांकडे जात. आमच्या घरांतला घोळ हा त्याचाच लहानसा अवतार होता.

आजचा स्मार्टफोन मात्र कडीचें तें जुनें ज्ञान आपणांस परत देऊं शकतो, आणि त्याला पैसाही पडत नाहीं. अँड्रॉइड फोनमध्यें कॉन्टॅक्ट्स उघडून त्या माणसाचें नांव काढावें. वरच्या कोपऱ्यांत तीन टिंबें असतात. त्यांवर बोट ठेवलें कीं 'सेट रिंगटोन' असा पर्याय येतो. कांहीं फोनांत तो 'एडिट' मध्यें दडलेला असतो. आयफोनमध्यें नांव उघडून 'एडिट' दाबावें व खालीं 'रिंगटोन' पाहावी. एखादें नांव सिमकार्डावर सांठविलेलें असेल तर अनेकदां हा पर्याय दिसत नाहीं. तेव्हां तें नांव आधीं फोनमध्यें उतरवून घ्यावें. शिवाय परदेशांतलीं मुलें बहुधा व्हॉट्सॲपवरून बोलतात. त्या हांकेला ही रिंगटोन लागू होत नाहीं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमध्यें त्या माणसाच्या नांवावर बोट ठेवून 'नोटिफिकेशन्स' मध्यें वेगळी व्यवस्था करावी लागते.

स्वतः ध्वनिमुद्रित केलेला आवाजही लावतां येतो. अँड्रॉइडमध्यें 'रिंगटोन्स' नांवाच्या फोल्डरांत ती फाइल ठेवली कीं यादींत तिचें नांव दिसूं लागतें. आयफोनचा मार्ग थोडा आडवळणाचा आहे. तेथें 'गॅरेजबँड' नांवाच्या ॲपमधून तुकडा तयार करून तो रिंगटोन म्हणून बाहेर काढतां येतो. तुकडा ३० सेकंदांहून लांब नसावा. हीं कामें मुलांकडून करून घ्यावीं, परंतु करतांना आपण शेजारीं बसून पाहावें. जें आपल्याला येत नाहीं तें बिघडल्यावर नीटही करतां येत नाहीं.

आतां एक महत्त्वाचा भेद. फोनमध्यें आवाज एक नसून चार आहेत: हांकेचा, संदेशांच्या सूचनांचा, गजराचा आणि गाण्या-चित्रांचा. प्रत्येकाचा चढउतार बहुधा निरनिराळा असतो. फोनच्या कडेचें बटण दाबून आवाज वाढविला असें आपण समजतों, पण पुष्कळदां तो केवळ गाण्याचा वाढलेला असतो व घंटा पूर्वीं होती तेवढीच राहते. सेटिंग्जमध्यें 'साउंड' उघडलें कीं या पट्ट्या एकाखालीं एक दिसतात. त्या डोळ्यांनीं पाहून ठेवाव्या.

हा भेद ठाऊक नसल्यानें काय घडतें, याचें एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १० जानेवारी २०१२ रोजीं न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद तेथील एव्हरी फिशर हॉलमध्यें मालर या संगीतकाराची नववी सिंफनी वाजवीत होता. अखेरच्या भागांत स्वर मंद मंद होत शांततेंत विरून जावयाचे, नेमक्या त्या वेळीं पहिल्या रांगेंतला एक आयफोन वाजूं लागला व थांबेना. संचालक ॲलन गिल्बर्ट यांनीं वादन थांबविलें आणि फोन गप्प झाल्यावरच तें पुढें चालू केलें. तो फोन नुकताच मिळालेला होता. मालकानें तो सायलेंटवर ठेवला होता. वाजला तो गजर, आणि सायलेंट केलें तरी गजर वाजतो हें त्या गृहस्थाला ठाऊक नव्हतें. सभेला, मैफलीला किंवा कोणाच्या घरीं दुःखाच्या प्रसंगीं जातांना फोन मुका करणें पुरेसें नाहीं. गजर लावला आहे कीं काय हेंही पाहावें, अथवा फोन सरळ बंद करावा.

आतां रात्रीची व्यवस्था. आमची चूक नेमकी येथें झाली. रात्रभर फोन सायलेंटवर ठेवला म्हणजे तो सर्वांनाच मुका होतो. जाहिरातवाल्यालाही आणि आत्याबाईंनाही. त्याऐवजीं 'डू नॉट डिस्टर्ब' नांवाची जी सोय फोनमध्यें असते ती वापरावी. ती ठराविक वेळीं आपोआप सुरू होते व ठराविक वेळीं संपते. तिचा खरा गुण असा कीं, तिच्यांत अपवाद ठेवतां येतात. अँड्रॉइडमध्यें ज्या नांवांना आपण तारा लावून ठेवूं त्यांच्या हांका तेवढ्या वाजतात. त्याचप्रमाणें एकाच माणसानें १५ मिनिटांच्या आंत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजूं द्यावा, असाही पर्याय असतो. आयफोनमध्यें ही दुसरी हांक तीन मिनिटांच्या आंत यावी लागते. शिवाय आयफोनमध्यें एखाद्या नांवाची रिंगटोन निवडतो त्याच पानावर 'इमर्जन्सी बायपास' असें एक बटण आहे. तें लावलें तर फोन सायलेंटवर असला तरीही त्या माणसाची हांक वाजते.

मात्र एक लक्षांत ठेवावें. अँड्रॉइडवर रात्रीं हे अपवाद उपयोगीं पडावयाचे तर घंटेचा आवाज मोठा असला पाहिजे. 'डू नॉट डिस्टर्ब' ही लावलें आणि वर फोन सायलेंटही केला, तर तारा लावलेली हांकही निःशब्दच येते. आत्याबाईंनीं आमच्या घरच्यांना लागोपाठ तीन वेळां फोन केला होता. ही एवढी व्यवस्था केलेली असती, तर त्यांची पहिलीच हांक वाजली असती. निदान दुसरी तरी खास वाजती. पाऊण तास त्या थंडगार फरशीवर पडून राहिल्या त्या आमच्या अज्ञानामुळें.

पुढचा प्रश्न सूर कोणता निवडावा हा. घरांत वृद्ध असतील तर त्यांच्या कानांचा विचार आधीं करावा. वय वाढतां वाढतां माणसाला बारीक, उंच स्वर प्रथम ऐकूं येईनासे होतात. खालचे, भरदार स्वर त्या मानानें उशिरांपर्यंत टिकतात. २००५ सालीं ब्रिटनमधील वेल्स प्रांतांत हॉवर्ड स्टेपलटन या गृहस्थांनीं दुकानांपुढें घोळके करणाऱ्या तरुणांना हुसकावण्याकरितां एक यंत्र काढलें. त्याचा आवाज सेकंदाला सुमारें १७,००० कंपनांचा. तो तरुणांना बोचे व मोठ्या माणसांना ऐकूंच येत नसे. मुलें अधिक हुशार निघालीं! त्यांनीं तोच आवाज रिंगटोन म्हणून घेतला, आणि वर्गांत फोन वाजला तरी मास्तरांना पत्ता लागेना. यांतली गंमत सोडली तरी बोध मोठा आहे. जी किणकिण नातवाला गोड वाटते ती आजोबांच्या कानांपर्यंत पोंचेलच असें नाहीं. मामंजींच्या फोनला पुतण्यानें मोठ्या हौसेनें चिमण्यांची किलबिल लावून दिली होती, वर्षभर त्यांना ती ऐकूं आली नाहीं, आणि आम्ही मात्र "फोन कां घेत नाहीं?" म्हणून त्यांच्यावरच चिडत होतों. आतां त्यांच्या फोनला जुन्या टेलिफोनची खणखणीत, जाड घंटा आहे.

सूर असा असावा कीं, पहिल्या क्षणींच वाजूं लागेल. शास्त्रोक्त संगीताची आवड असलेल्या घरांत विलंबित आलाप लावण्याचा मोह होतो. पण गवई तंबोरा जुळवीत आहेत तोंवर फोन बंद होतो. टेलिकॉम रेग्युलेटरी ऑथॉरिटीनें २०१९ सालीं उत्तर न मिळालेला फोन किती वेळ वाजावा याची मर्यादा घातली. ती मोबाइलला ३० सेकंद व घरगुती लँडलाइनला ६० सेकंद अशी आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खुर्चींतून उठून दुसऱ्या खोलींत जाण्यास ३० सेकंद म्हणजे फार थोडा वेळ. म्हणून वृद्धांचा फोन सदैव त्यांच्या अंगाजवळ असावा, आणि त्यांना फोन करणाऱ्यानें एकदां उत्तर न आल्यास लगेच रागावूं नये. मिनिटभरानें पुन्हा करावा.

देवाचें स्तोत्र वा आरती रिंगटोन म्हणून लावावी कीं नाहीं, याविषयीं आमच्या घरांत बरेंच रण माजलें. सासूबाईंचें म्हणणें, दिवसांतून दहा वेळां नांव कानांवर पडतें तें काय वाईट? मामंजींचें म्हणणें, तें अर्ध्या चरणावर तोडलें जातें, नको त्या जागीं वाजतें, आणि तोडून आपण बोलूं काय लागतों, तर गॅसच्या सिलिंडराबद्दल. अखेर सासूबाईंनींच तोड काढली. स्तोत्र सकाळीं पूजेच्या वेळीं पूर्ण ऐकावें. फोनला सनईचा एक लहानसा तुकडा असावा. तो मंगलही आहे आणि कोठेंही तुटला तरी मनाला रुखरुख लागत नाहीं. ज्यांना स्तोत्रच हवें असेल त्यांनीं तें लावावें. हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.

गजराच्या बाबतींत मात्र माझें मत ठाम आहे: आवडीचें गाणें गजराला लावूं नये. ज्या स्वरानें रोज झोंप मोडते त्या स्वराविषयीं मनांत हळूहळू राग धरतो. आमच्या कन्येनें परीक्षेच्या दिवसांत आपलें अत्यंत लाडकें भावगीत पहाटेच्या गजराला लावलें. परीक्षा संपली, पण तें गीत आजही लागलें कीं ती कान झांकून घेते.

राहिल्या संदेशांच्या सूचना. खरा उपद्रव हांकांचा नसून यांचाच असतो, आणि त्यांना कंटाळूनच माणूस सगळा फोन मुका करतो. म्हणून आधीं त्यांना गप्प करावें, म्हणजे घंटेला आवाज ठेवणें सोपें जातें. सुप्रभात पाठविणारे समुदाय 'म्यूट' करावे. त्यानें कोणाचा अपमान होत नाहीं, कारण तें इतरांना कळत नाहीं. २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडमध्यें एकाच ॲपच्या निरनिराळ्या सूचनांना निरनिराळा आवाज देण्याची सोय आहे. जाहिराती गप्प व कामाच्या सूचना बोलक्या, असें करतां येतें. मात्र सरकारी आपत्कालीन सूचना कधींही बंद करूं नयेत. २०२३ सालीं देशभर त्यांच्या चांचण्या झाल्या तेव्हां फोन एकाएकीं कर्कश ओरडूं लागून पुष्कळ जण दचकले होते. पूर, भूकंप अशा वेळीं दचकविणें हेंच त्या आवाजाचें काम आहे.

आत्याबाई इस्पितळांतून घरीं आल्यावर एका रविवारीं आम्ही सर्व जण त्यांच्या खोलींत फोन घेऊन बसलों. प्रत्येकानें आपला सूर वेगळा घेतला. घरच्या चार नांवांना सर्वांच्या फोनांत तारा लागल्या. रात्रीं दहा ते सहा 'डू नॉट डिस्टर्ब' ठरलें. आत्याबाईंचा सूर कोणता, असा प्रश्न निघाला तेव्हां त्यांनीं कपाटाकडे बोट दाखविलें. वाडा पाडला त्या वेळीं दिंडीदरवाजाची लोखंडी कडी त्यांनीं मागून घेतली होती. तीं वर्षें सारीं ती जुन्या लुगड्यांत गुंडाळून ठेवलेली होती. पुतण्यानें ती फळीवर आपटून तिचा आवाज फोनमध्यें भरून घेतला. "दोनदां हलकेच, मग एकदां जोरानें," आत्याबाईंनीं त्याला बजावलें, "माहेरीं आले कीं मी अशीच वाजवीत असें." मामंजी शेजारीं बसले होते. त्यांना कमी ऐकूं येतें. पण तो आवाज ऐकतांच ते खुर्चींत सरळ झाले व दाराकडे पाहूं लागले.

आतां रोज रात्रीं नऊ वाजतां आमच्या घरांत कडी वाजते. बोलण्यासारखें विशेष कांहीं नसतें. आत्याबाई विचारतात, "वाजली का गं?" आणि मी सांगतें, "वाजली." दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं रात्रीं साडेदहानंतर त्या एकदां मुद्दाम फोन करतात, व्यवस्था शाबूत आहे कीं नाहीं हें पाहण्याकरितां, कारण फोनची आवृत्ति बदलली किंवा नवा फोन घेतला कीं हे सगळे पर्याय पुन्हा तपासावे लागतात.

वाचकांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं एवढें करावें. आपल्या घरांतलें किंवा घराबाहेर एकटें राहणारें जें वडील माणूस असेल, त्याच्या नांवाला आज तारा लावावी, आणि रात्रीं त्याला एकदां फोन करावयास सांगावें. तो वाजला म्हणजे मग निवांत झोंपावें.